वाटेकरी किती?

बाबांनी दक्षिण मध्य रेल्वेत चौतीस वर्षं काढली. तिच्या मुख्यालयात, रेल निलयममध्ये, पगार ठरायचा तो वेतन आयोगाच्या तक्त्यावरून. मागायचा कुणाकडे आणि कशाला? त्यामुळे गेल्या आषाढात एका छोट्या स्टार्टअपचं ऑफर लेटर मी मारेडपल्लीच्या घरी जेवणाच्या टेबलावर ठेवलं आणि "यावर बोलणी करायचीत" म्हणाले, तेव्हा त्यांचा घास हातातच राहिला.

"देतायत तेवढं घे. समाधान म्हणून काही असतं की नाही?"

पगार वर्षाला २२ लाख, म्हणजे आत्तापेक्षा सहा लाख कमी. त्या बदल्यात ४,००० ईसॉप, म्हणजे ठरल्या किमतीला कंपनीचे शेअर घ्यायचे हक्क, चार वर्षांत थोडेथोडे हाती येणारे. वर्ष भरायच्या आत सोडलं तर शून्य. संस्थापक फोनवर म्हणाला होता, पैशाकडे बघणारी माणसं नकोत, काम हेच फळ मानणारी हवीत. गीतेनं फळावरचा माझा अधिकार काढून घेतला हे कबूल. पण तो संस्थापकाच्या नावावर करून दिल्याचं अठरा अध्यायांत मला तरी सापडलेलं नाही.

पण बाबांचा प्रश्न डोक्यातून जाईना. कारण आदल्या रात्री मी काय केलं होतं ते मलाच माहीत होतं. एका ईसॉपला पाच हजार धरले, चार हजारांनी गुणलं, दोन कोटी झाले. मग आमच्याच गल्लीत तीन बेडरूमचा फ्लॅट घेतला, बाल्कनीत झोपाळासुद्धा टांगला. बाजारात तुरी! आणि या हिशेबात एक आकडा मी मुद्दाम विचारला नव्हता: कंपनीचे एकूण शेअर किती? न विचारण्यात समाधान वगैरे काही नव्हतं. उत्तर आलं असतं तर झोपाळा पडला असता. लोभ घासाघिशीत असतो असं बाबांना वाटत होतं. माझा तर गप्प बसण्यात होता.

आजी नांदेडकडची, तिची जमीन बटईनं दिलेली असायची. बी कुणाचं, बैल कुणाचे, वाटेकरी किती, हे पेरणीआधी ठरायचं. त्याला कुणी हाव म्हणत नसे.

आमच्या लष्करात, म्हणजे सिकंदराबादेत, उज्जैनी महाकालीची गोष्टही अशीच रोखठोक आहे. १८१३ साली इथे कॉलऱ्याची साथ होती. पलटणीबरोबर उज्जैनला गेलेल्या अप्पय्या नावाच्या डोलीवाल्यानं तिथल्या महाकालीला नवस बोलला: साथ ओसरली तर तुझी मूर्ती आमच्याकडे बसवीन. ओसरली, १८१५ मध्ये त्यानं लाकडी मूर्ती बसवली, असं सांगतात. नवसाच्या भक्तीला संतांनी कमी प्रतीची मानलं आणि ते पटतंही. पण त्या गरीब माणसानं अट आधी, उघड सांगितली, आणि देवीनं आपला वाटा दिल्यावरच स्वतःचा दिला. माझ्या पत्रात सगळं उलटं होतं. मूर्ती मी चार वर्षं आधी घडवायची. साथ ओसरली तर ओसरली. शिवाय या सौद्याला निष्काम कर्माचं सोवळं नेसवलेलं, म्हणजे शिवायचीही चोरी.

मी तीन गोष्टी लिहून पाठवल्या. एकूण शेअर किती, सगळे ईसॉप धरून? नोकरी सोडल्यावर ते शेअर विकत घ्यायला मुदत किती? पत्रात ९० दिवस होते. तेवढ्यात पदरचे पैसे भरायचे, वर त्या दिवशीची किंमत आणि आपण भरलेली किंमत यांतला फरक पगार समजून त्यावर कर, आणि शेअर मात्र कुठे विकता येत नाही! तिसरं, पगार २६ लाख.

उत्तर सोमवारी आलं. आदल्या दिवशी लष्कर बोनालू, म्हणजे याच महाकालीचा आषाढातला सण, झालेला. एकूण शेअर ६० लाख. बाबांनी चष्मा लावून पाकिटाच्या मागे भागाकार केला: शंभर रुपयांतले सात पैसेही नाहीत. माझे दोन कोटी व्हायला कंपनी तीन हजार कोटींची व्हायला हवी होती; सध्या तिथे बारा माणसं आहेत. मुदत त्यांनी दोन वर्षं केली. पगार २५.

"सात पैशांसाठी जातेस?" बाबांनी विचारलं.

"पंचवीस लाखांसाठी. आणि काम आवडलंय."

ते पुन्हा पाकिटाकडे वळले. "एक लाख का सोडलास?"

मी काही बोलणार तोच आईनं हात वर केला. टीव्हीवर बोनालूनंतरचं रंगम सुरू होतं. एक बाई कच्च्या मडक्यावर उभी राहून वर्षाचं भविष्य सांगत होती.

"थांबा जरा दोघंही," आई म्हणाली. "पावसाचं सांगतेय."