मालक म्हणवता, मग हिशेब कुठे आहे?

महावितरण वाचवायला निघालात, चांगलं आहे. पत्रकावर माझं नाव घालायची परवानगी मागायला तिघं घरी आलात, तेही चांगलं. पण ते पत्रक मी दोनदा वाचलं आणि संताप आला. चार पानं भरून भांडवलदारांना शिव्या आहेत आणि हिशेबाचा एक आकडा नाही. आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये मीटर न लावता रीडिंग सांगणाऱ्याला मी दारात उभं करत असे. तुमचे केस पिकले म्हणून आज सोडणार नाही. मुकाट्यानं ऐका.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे मास्तर कंपनीवाल्यांना फितूर झाला असं बाहेर बोलायला नको. वीज लोकांच्या मालकीचीच राहिली पाहिजे. टाटांनी १९१५ साली खोपोलीला पाण्यावर वीज केली ती मुंबईच्या गिरण्यांसाठी. त्यात गैर काही नाही, तो त्यांचा धंदा होता. पण वस्तीवरच्या शेवटच्या खांबापर्यंत तार ओढायला नफ्यासाठी कुणी आलं नसतं. ते काम १९४८ च्या कायद्यानं राज्याराज्यांत उभ्या राहिलेल्या वीज मंडळांनी केलं. आपलं मंडळ २० जून १९६० चं. कोयनेची १,९६० मेगावॅट वीज सरकारी पैशातून उभी राहिली. तुमच्या पत्रकात कोयनेचा गौरव आहे. पण ज्यांची घरंदारं शिवसागर जलाशयाखाली गेली आणि ज्यांच्यातले अनेक अजून पुनर्वसनासाठी आंदोलनाला बसतात, त्यांच्याबद्दल अवाक्षर नाही. प्रकल्प सरकारी झाला म्हणजे न्याय झाला, असं तुम्हाला कुणी शिकवलं? मी तर नाही.

आता एकेकाकडे येतो. आधी तू, तालुक्याचं राजकारण करणारा. पत्रकात तू एन्रॉन या अमेरिकन कंपनीच्या वीजप्रकल्पाचं पाप एकाच पक्षाच्या माथी मारलं आहेस. सोयीपुरतं आठवायचं आणि बाकीचं विसरायचं, ही सवय तुझी जुनी. ऐक. सामंजस्य करार जून १९९२ चा. वीजखरेदी करार डिसेंबर १९९३ चा, काँग्रेसच्या राज्यात. निविदा नाही, करार गुप्त, वीज घेतली नाही तरी क्षमतेचे पैसे द्यायचे, दर डॉलरला बांधलेला, वर राज्याची हमी आणि तिच्या मागे केंद्राची प्रतिहमी. जागतिक बँकेनं या प्रकल्पाला कर्ज नाकारलं होतं, तरी आपण सही केली. मग १९९५ मध्ये प्रकल्प अरबी समुद्रात बुडवण्याची भाषा करत युती निवडून आली. करार तपासायला मुंडे समिती बसली, ऑगस्टमध्ये करार रद्द झाला, आणि वर्ष पालटतं न पालटतं तोच तो परत आला. नुसता परत नाही, वाढून आला. आधी ऐच्छिक असलेला दुसरा टप्पाही आता बंधनकारक झाला. मे १९९६ मध्ये १३ दिवस टिकलेल्या केंद्र सरकारनं जाता जाता त्याच्या प्रतिहमीवर मोहोर उठवली.

पहिला टप्पा मे १९९९ मध्ये सुरू झाला. दोन वर्षांत मंडळाचं कंबरडं मोडलं. वीज कमी घेतली तरी ठरलेला आकार भरायचाच, त्यामुळे काही महिने एक युनिट सात रुपयांच्या वर पडत होतं. मे २००१ मध्ये मंडळानं वीज घेणं थांबवलं, डिसेंबरात खुद्द एन्रॉन अमेरिकेत दिवाळखोरीत गेली. पुढे एनटीपीसी आणि गेल या सरकारी कंपन्यांनाच ते घोंगडं गळ्यात घ्यावं लागलं. फायदा होईल तो खासगी आणि तोटा होईल तो जनतेचा, हा त्या व्यवहाराचा खरा करारनामा होता, आणि त्यावर दोन्ही बाजूंच्या सह्या आहेत. आणखी एक. १९९७ च्या जूनमध्ये पहाटे पोलीस प्रकल्पाला विरोध करणाऱ्या वेलदूरच्या कोळ्यांच्या घरांत शिरले, बायकांना मारत बाहेर काढलं. तेव्हा सरकार त्यांचं होतं जे दोन वर्षांपूर्वी प्रकल्प बुडवणार होते. विरोधात असताना खासगीकरणाच्या नावानं बोंब मारायची आणि सत्तेत आलं की सही करायची, हे दोघांनी केलं. तू तिसऱ्यांदा करणार नाहीस, याची हमी तुझ्या पत्रकात कुठे आहे?

सहकाराच्या गप्पाही मारू नकोस. श्रीरामपूर-राहुरीकडची मुळा-प्रवरा ही वीज वाटणारी सहकारी संस्था होती, सभासदांच्या मालकीची. आज ती वीज वाटत नाही. थकबाकीचा वाद वर्षानुवर्षं चिघळला, २०११ मध्ये परवाना संपला आणि ते क्षेत्र महावितरणकडे गेलं. तुझ्याच शेजारच्या जिल्ह्यात घडलेलं हे तुला ठाऊक असायला हवं होतं.

आता तू, बागायतदार. परवा तुझ्या शिवारातून येताना डीपीपाशी थांबलो. पेटीला दार नाही. किटकॅट फ्यूज गायब, त्या जागी ॲल्युमिनियमची जाड तार पिळून बांधलेली. फ्यूजची तार बारीक का असते, हे पहिल्याच महिन्यात फळ्यावर काढून दाखवलं होतं ना? जास्त प्रवाह आला की तिनं वितळायचं आणि ट्रान्सफॉर्मर वाचवायचा. जाड तार वितळत नाही, आतलं वाइंडिंग जळतं. वर प्रत्येक मोटारीला ऑटो स्विच. लाइट आली की सगळ्या मोटारी एकाच क्षणाला उठतात, आणि उठताना मोटार चालू प्रवाहाच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते. कपॅसिटर कुणाच्याच खोक्यात नाही. मग ट्रान्सफॉर्मर जळतो, तुम्ही वर्गणी काढून तो ट्रॅक्टरवर घालून नेता, आणि चौकात उभे राहून महावितरणला शिव्या घालता. ज्या डीपीला आपली म्हणतोस तिच्यात असली तार तू कशी बांधू दिलीस? सर्टिफिकेट माझ्या सहीचं आहे. मला लाज वाटली.

आणि तू, लाइनमन. ४ जानेवारी २०२३ ला तीसहून अधिक संघटनांनी ७२ तासांचा संप पुकारला, त्यात तू होतास. मला अभिमान वाटला, हे आज पहिल्यांदा सांगतो. सरकारनं त्याच दिवशी चर्चा केली, खासगीकरण करणार नाही असं आश्वासन दिलं आणि संप मिटला. संपाचं कारण नीट समजून घ्या, पत्रकात ते चुकीचं लिहिलंय. भांडुप परिमंडळात, म्हणजे मुलुंड-भांडुपपासून ठाणे, नवी मुंबई, पनवेलपर्यंत, अदानींच्या कंपनीनं वीजवितरणाचा समांतर परवाना मागितला होता. महावितरण कुणी विकत घेत नव्हतं. नुसती चांगली गिऱ्हाइकं उचलायची होती. कारखाने, मॉल, दुकानं हे चढ्या दरानं बिल भरतात, त्या पैशातून विदर्भ-मराठवाड्यातल्या पंपाचा दर खाली राहतो. पैसे देणारे निघून गेले की मागे राहतात पंप, झोपड्या, लांबच लांब वाहिन्या आणि थकबाकी. मग पाच वर्षांनी तेच लोक सांगणार की सरकारी कंपनी तोट्यात आहे, फुंकून टाका. हे एवढं पत्रकात लिहिलं असतंत तर पानं सार्थकी लागली असती.

पण संप करणाऱ्या माणसाला रीडिंग न घेता सरासरी बिल टाकण्याचा अधिकार उरत नाही. तुझ्या सेक्शनमध्ये किती मीटरांवर महिनोन् महिने ‘फॉल्टी’ शिक्का आहे, हे तुला तोंडपाठ आहे. मीटर नसलेल्या पंपांचा वापर अंदाजानं लिहायचा आणि गळती नि चोरी त्याच आकड्यात गडप करायची, हा आक्षेप वीज नियामक आयोगापुढे कितीतरी वर्षं घेतला जातोय. शेतकऱ्यानं न वापरलेली वीज त्याच्या नावावर पडते आणि सबसिडीखाऊ म्हणून बदनामीही त्याचीच होते. हा अंदाज कुणी कंपनीवाला लिहीत नाही, आपलीच माणसं लिहितात. आणि खांबावर हातमोज्यांशिवाय चढवलेला ठेक्याचा पोरगा तुझ्या संघटनेच्या मागणीपत्रात शेवटच्या ओळीत का असतो, याचंही उत्तर आणून दे.

ठेकेदार आला की सगळं सुधारतं असं म्हणणाऱ्यांनाही एवढंच सांगा. २००७ मध्ये भिवंडी टॉरेंट या खासगी कंपनीकडे दिली, गळती खरोखर उतरली. ते मान्य करायला जीभ अडखळू देऊ नका. खोटं बोलून चळवळ चालत नाही. पण औरंगाबाद, जळगाव आणि नागपूरही फ्रँचायझीकडे दिली होती. तिन्ही ठिकाणी मुदत पुरी होण्याआधी गाशा गुंडाळला गेला आणि २०१९ पर्यंत तिन्ही शहरं महावितरणला परत घ्यावी लागली. ओडिशानं १९९९ मध्ये वितरण खासगी केलं. दोनच वर्षांत अमेरिकन कंपनी मध्य ओडिशा सोडून गेली. जमलं तर राहायचं, नाही जमलं तर निघायचं, ही सोय कंपनीला असते. महावितरणला नसते.

आता तुमच्या मागण्या. त्या बदला. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना मोफत वीज २०२४ मध्ये जाहीर झाली, त्याबद्दल आभाराचा ठराव पत्रकात आहे. तो काढून टाका. वीज मोफत नसते, बिल दुसरा कुणीतरी भरतो. २००३ च्या वीज कायद्याच्या ६५ व्या कलमानुसार सरकारला सवलत द्यायची असेल तर तिची रक्कम वितरण कंपनीला आगाऊ द्यावी लागते. ती वेळेवर मिळते का, किती मिळते, किती बाकी आहे, हे आमदाराला विचारा आणि लेखी उत्तर घ्या. सरकार पैसे थकवतं, कंपनी कर्ज काढते, व्याज दरात चढतं आणि मग खासगीकरणाला निमित्त तयार होतं. महावितरण असंच आतून पोखरलं जातं, आणि आभाराचे ठराव करून तुम्ही त्याला हातभार लावता.

दुसरं. दर ठरवण्याआधी नियामक आयोग वर्तमानपत्रात नोटीस देतो, हरकती मागवतो, जनसुनावणी घेतो. ऑगस्ट १९९९ पासून हा आयोग आहे. पुण्याच्या प्रयाससारख्या संस्था आकडे घेऊन तिथे उभ्या राहतात. तुम्ही तिघांनी मिळून एक तरी हरकत दाखल केली आहे का? मोर्चाला ट्रक भरून माणसं नेता, सुनावणीला एकही नाही. पुढच्या सुनावणीची नोटीस निघेल त्या दिवशी याचिका उतरवून घ्या आणि माझ्याकडे या. आकडे कसे वाचायचे ते मी पुन्हा शिकवीन. त्याआधी बागायतदारा, तू थकलेलं बिल भर, लाइनमन, तू फॉल्टी मीटरांची यादी कर, आणि राजकारण्या, तू पत्रक नव्यानं लिही, त्यात १९९३ आणि १९९६ या दोन्ही सह्यांची नोंद कर.