चोरओटी

‘तिला दिवस गेलेत’ असं आपण म्हणतो. वाट पाहायची ती येणाऱ्या दिवसांची, आणि भाषा मात्र गेलेल्या दिवसांवर बोट ठेवते. डॉक्टरही तेच करतात. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून आठवडे मोजायचे, म्हणजे पहिले दोन आठवडे पोटात कुणी नसतंच. पाळी चुकली, चार दिवस वाट पाहिली, पट्टीवर दोन रेघा उमटल्या, की हिशेबाने पाचवा आठवडा लागलेला असतो. आपल्याला कळेपर्यंत महिना खर्ची पडलेला असतो.

वीस-बावीस वर्षांपूर्वी मी पेणला राहायचे आणि रोह्याच्या एका शाळेत शिकवायचे. सकाळची पॅसेंजर, मग कासू, नागोठणे, निडी, रोहा. इतक्या लहानशा प्रवासाची धास्ती घ्यावी असं त्यात काही नव्हतं. पण त्या जून-जुलैत मला डब्यात चढण्याआधीच घाम फुटायचा. कुणाच्या डब्यातली लसणाची फोडणी, कुणाच्या पिशवीतली सुकट, ओल्या छत्र्यांचा कुबट वास, कुणाच्या गजऱ्यातला मोगरा. हो, मोगरासुद्धा. वाऱ्याची दिशा फिरली की रोह्यात उतरल्यावर धाटावच्या कारखान्यांचा वास स्वागताला. एकदा नागोठण्याला ओकारीसाठी उतरले आणि गाडी निघून गेली. शाळेत ‘गाडी चुकली’ एवढंच सांगितलं. ते खोटंही नव्हतं.

दोन महिने मी उभ्याने प्रवास केला. उठून जागा द्यावी असं माझ्याकडे पाहून कुणाला वाटण्याचं कारणच नव्हतं. पोट सपाट, चेहरा फार तर जागरण झाल्यासारखा. पुढे सातव्या महिन्यात मी डब्यात पाऊल टाकलं की तीन-तीन बायका खिडकीची जागा द्यायला उठायच्या. तेव्हा मी मस्त होते. भूक लागत होती, झोप लागत होती, निडीच्या पुढचा हिरवा डोंगर बघत आरामात उभी राहिले असते. जागा हवी होती तेव्हा मिळाली नाही आणि मिळाली तेव्हा तिचं अप्रूप उरलं नव्हतं.

हा विनोद माझ्या एकटीचा नाही. गरोदरपणाबद्दलची आपली सगळी माया पोट दिसू लागल्यावर जागी होते. डोहाळजेवण, हिरवी साडी, फुलांची वाडी, ‘जड उचलू नको गं’. शरीराचं मोठं काम मात्र आधीच आटोपलेलं असतं. पाठीच्या कण्यातली मज्जारज्जूची नळी गर्भ राहिल्यापासून चारेक आठवड्यांत मिटते. म्हणून फॉलिक ॲसिडची गोळी दिवस जाण्याआधीपासूनच घ्यावी असं सांगतात. सहाव्या-सातव्या आठवड्यात तांदळाच्या दाण्यापेक्षा फारसा मोठा नसलेल्या गर्भात हृदय लुकलुकताना सोनोग्राफीत दिसतं. आईच्या शरीरात तर त्या सुमाराला घर बांधायला काढलेलं असतं. मूत्रपिंडं जास्त रक्त गाळू लागतात, म्हणून सारखं लघवीला लागतं. प्रोजेस्टेरॉन वाढतं, आतड्यांचे स्नायू सैलावतात, मग पोट साफ होत नाही, जळजळतं, आणि दुपारी दोनला अशी पेंग येते की फळ्यावर लिहिता लिहिता खडू थांबतो. छाती दुखरी होते. या सगळ्यात वार तयार होत असते. बाळाचा भार वारेने उचलेपर्यंत, म्हणजे साधारण तिसरा महिना सरेपर्यंत, बाई थकणार. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र बांधकामाभोवती लावलेले पत्रे तेवढे दिसतात.

मळमळीचंही तसंच. गरोदर बायकांपैकी दहात सात-आठ जणींना ती होते. सहाव्या आठवड्याच्या आसपास सुरू होते, नवव्याच्या सुमाराला कळस गाठते आणि बहुतेकींची चौथ्या महिन्यात ओसरते. इतकी सर्वत्र आढळणारी गोष्ट, पण तिच्या कारणाकडे वैद्यकाने पुष्कळ काळ गंभीरपणे पाहिलं नाही; ‘मनाचे खेळ’ म्हणूनही बोळवण झाली. अमेरिकेतल्या मार्लेना फेज्झो या संशोधक बाईंनी १९९९ मध्ये अशाच टोकाच्या ओकाऱ्यांत आपलं मूल गमावलं आणि पुढे त्या याच प्रश्नामागे लागल्या. डिसेंबर २०२३ मध्ये त्यांचं आणि केंब्रिजच्या स्टीफन ओराहिली यांच्या गटाचं संशोधन ‘नेचर’मध्ये आलं. जीडीएफ-१५ नावाचं एक संप्रेरक गर्भ आणि वार मोठ्या प्रमाणात सोडतात. ज्या बाईच्या शरीराला दिवस जाण्याआधी त्याची फारशी सवय नसते, तिला ते जास्त बाधतं. ‘आमच्या वेळी नव्हते असले लाड’ म्हणणाऱ्या प्रत्येक सासूला हे वाक्य ऐकवावं असं मला वाटतं. सासूबाईंना सवय असेल, सुनेला नसेल. यात लाड कुठून आले?

आपल्या भाषेत या सगळ्याला डोहाळे म्हणतात. हा शब्द संस्कृतातल्या ‘दोहद’शी जोडलेला आहे, आणि दोहदाच्या उगमाबद्दल पंडितांत दोन मतं आहेत. एक म्हणतं, दोन हृदयं, म्हणून दौहृद. सुश्रुतसंहितेत चौथ्या महिन्यात गर्भाचं हृदय व्यक्त होतं आणि मग बाई दोन हृदयांची होते असं सांगितलंय. दुसरं मत म्हणतं, मूळ शब्द दौर्हृद, म्हणजे बिघडलेलं, विटलेलं मन. पहिल्या अर्थाची गाणी झाली. मला दुसरा जास्त खरा वाटतो. चिंचा-आवळे मागणं नंतरचं. आधी येते ती शिसारी. भाताची वाफ नको, चहा नको, नवऱ्याच्या शर्टाचा साबण नको. रोज ज्या स्वयंपाकघरात आपण राज्य करतो तिथून पळून जावंसं वाटतं, आणि का ते सांगायचंही नसतं.

कारण तीन महिने बोलायचं नाही अशी रीत. दृष्ट लागते म्हणतात. या रीतीवर हसणं सोपं आहे, पण तिच्या पोटात एक शहाणपण आहे. कळून आलेल्या गर्भांपैकी दर दहांत एक-दोन गळतात, आणि त्यातले बहुतेक पहिल्या बारा आठवड्यांत. निम्म्याहून अधिक वेळा कारण गर्भाच्या गुणसूत्रांतच असतं; हंडा उचलला, जिना चढला, एसटीत हादरे बसले म्हणून ते होत नाही. मुंबई-गोवा रस्त्याच्या खड्ड्यांना मी आयुष्यभर शिव्या दिल्यात, पण हा आळ त्यांच्यावरही घालता येत नाही. गावभर पेढे वाटून नंतर गावभर ‘नाही राहिलं’ सांगत फिरावं लागू नये, म्हणून तोंड बंद. हे मला समजतं. पण त्याची दुसरी बाजू अशी की आलं हेच कुणाला ठाऊक नसेल, तर गेलं हे कुणाला सांगणार? माझ्यासोबत गाडीला असणारी एक बाई चार दिवस आली नाही. पाचव्या दिवशी आली ती गप्प बसली. ‘ताप होता’ म्हणाली. आम्ही तिला तापाची औषधं सुचवली.

जुन्या बायकांना ही अडचण ठाऊक असावी, कारण त्यांनी मधली एक वाट काढून ठेवली होती: चोरओटी. काही घरांत चोरचोळी म्हणतात. साधारण तिसऱ्या महिन्यात, गाजावाजा न करता, मोजक्या बायकांत गर्भारशीची ओटी भरायची. घराघरांतली रीत वेगळी, पण नावातला ‘चोर’ सगळीकडे तोच. एवढी वर्षं मी या शब्दाकडे गुपिताच्या बाजूने पाहत होते. आता वाटतं, त्यातली खरी गोष्ट गुपित नाही, मोजक्या बायका ही आहे. सगळ्यांना सांगायचं नाही म्हणजे कुणालाच सांगायचं नाही, असा त्याचा अर्थ नव्हताच. चार-पाच जणींना कळलेलं असायचं, आणि त्या चार-पाच जणी तिच्या हातातली घागर काही न बोलता काढून घ्यायच्या.

माझी ओटी भरली शेजारच्या काकूंनी. पेणच्या कितीतरी बायकांसारख्या त्या पापडांचं काम करायच्या. उडदाच्या लाट्या, मिरगुंडं, आणि अंगाला कायमचा हिंग. त्या हिंगानेच मी पकडले गेले. एका संध्याकाळी त्या दारात आल्या आणि मी नाकाला पदर लावून मागे सरले. ‘कधीपासून?’ त्यांनी विचारलं. मी ‘काय?’ म्हटलं. ‘बरं’, म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून त्या माझ्याकडे आंघोळ करून यायच्या. सकाळी उठायच्या आधी, अंथरुणातच, मूठभर कुरमुरे खायचे, मग पाय खाली टाकायचे, हे त्यांनीच सांगितलं. भात त्यांच्या घरी शिजायचा आणि गार होऊन माझ्याकडे यायचा. पुढे कळलं की थोडं थोडं, कोरडं, गार खा हा सल्ला डॉक्टरही देतात. गरम अन्नाला वास जास्त. काकूंना त्यासाठी पुस्तक लागलं नाही. आणि एक दिवस पाणीसुद्धा टिकेना, लघवी पिवळीजर्द आणि थोडीच होऊ लागली, तेव्हा ‘होतं असं’ न म्हणता त्याच मला रिक्षात घालून सलाईन लावायला घेऊन गेल्या. कुठे थांबायचं हेही त्यांना कळत होतं.

आता माझी भाची रोह्यात असते. तिला दुसरा महिना संपत आलाय. गुपित तिनेही पाळलंय, पण माझ्याखेरीज तिच्या गुपितात दोघंच आहेत, नवरा आणि मोबाइल. मोबाइल दर आठवड्याला बाळाची लांबी-रुंदी फळांत सांगतो. ‘आत्या, या आठवड्यात रासबेरी’, ती म्हणाली. रासबेरी तिने आयुष्यात खाल्लेली नाही. मी म्हटलं, कडवा वाल आहे असं समज, भिजवून मोड काढलेला. तेवढाच असतो आठव्या आठवड्यात. ती खूप हसली. मग म्हणाली, ‘ऑफिसात दिवसातून तीनदा ओकते. वरिष्ठांना वाटतं मी काम टाळते.’

सांग की त्यांना, हे म्हणणं सोपं. १९६१च्या मातृत्व लाभ कायद्याची रजा २०१७ मध्ये २६ आठवड्यांची झाली. त्यातले प्रसूतीआधी घेता येतात ते फार तर ८. गरोदरपणातल्या आजारासाठी महिनाभराची जादा रजा आहे, गर्भ गळला तर सहा आठवड्यांची आहे, पण दोन्हींसाठी कागद हवा आणि कागदासाठी तोंड उघडायला हवं. सरकारी रुग्णालयांत दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर मातांची मोफत तपासणी होते. २०१६ पासून चाललेली ही चांगली योजना आहे, पण तीही चौथ्या महिन्यापासून पुढच्या बायकांसाठी आखलेली. कायदासुद्धा पोटाकडे बघूनच उठून जागा देतो.

आशाताईचं मात्र उलट. तिला बारा आठवड्यांच्या आत नोंद हवी असते. वस्तीत कुणाची पाळी चुकली हे तिला घरच्यांच्या आधी कळतं. तपासणीची पट्टी तिच्याच पिशवीत असते. मातृवंदना योजनेचे पहिल्या बाळासाठीचे ५,००० रुपयेही गरोदरपणाच्या नोंदीशी बांधलेले आहेत. रजिस्टर घेऊन फिरणारी ही बाई मला कधी कधी चोरओटीतली उरलेली एकुलती एक सवाष्ण वाटते. तिला मिळणारा मोबदला पाहिला की वाटतं, ओटी तिचीच भरायला हवी.

पण तिच्या रजिस्टरलाही निसटणाऱ्या आहेतच. दिवाळीनंतर पेण-रोह्याच्या कातकरी वाड्या ओस पडतात. माणसं वीटभट्ट्यांवर नाहीतर कोळशाच्या कामाला जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. भट्टीवर कोरड्या ओकाऱ्या येताना विटा वाहणाऱ्या बाईला रजा नाही, रजिस्टर नाही. हमरापूर-जोह्याच्या गणपती कारखान्यांत आषाढात पाय ठेवायला जागा नसते. रंगाचे फवारे चालू असतात आणि बाया ओळीने बसून मुकुटावर खडे चिकटवत असतात. त्या गर्दीत एखादी तिसऱ्या महिन्याची असणारच. ऐन घाईचा हंगाम, आणि तिला जपून राहायचं तेही याच महिन्यांत. एका कारखान्यात मी पाहिलं: एक मुलगी रंगाच्या बाजूने उठून दाराजवळ शाडूच्या ढिगापाशी जाऊन बसली. कुणी काही विचारलं नाही. तिच्या वाटचं ताट शेजारणीने आपल्याकडे ओढलं आणि दोघींचे खडे एकटी लावत राहिली.

गेल्या आठवड्यात भाचीकडे निघाले. पिशवीत कुरमुरे, आलं, आमसुलं, आवळ्याची सुपारी आणि डब्यात गार केलेली तांदळाची पेज. गाडीत समोर बसलेल्या आगरी बाईने पिशवीत नजर टाकली.

‘सुनेला का?’

‘भाचीला.’

‘कितवा?’

मी नुसती हसले.

‘बरं, नको सांगूस’, ती म्हणाली. टोपलीतून दोन लिंबं काढून तिने माझ्या पिशवीत टाकली, आणि पैसे द्यायला मी पर्स उघडेपर्यंत नागोठण्याला उतरून गेली.