जपानीची वाट मराठी-कन्नडमधून

धारवाडात कॉलेजातल्या मुलामुलींशी बोलताना हल्ली हमखास कळतं की कुणी जर्मन शिकतंय, कुणी जपानी, आणि बहुतेकांची शिकवणी फोनवरच चालते. हे साधन मोठं आहे याबद्दल मला शंका नाही. जर्मन प्रसारणसंस्था डॉइचे वेलेची ‘निकोस वेग’ ही चित्रमालिका अगदी पहिल्या पायरीपासून बी-1 पातळीपर्यंत नेते, तीही फुकट. जपानी प्रसारणसंस्था एनएचकेचे जपानीचे धडेही फुकटच. खरा उच्चार कानावर पडावा म्हणून पूर्वी पुणे नाहीतर बेंगळुरू गाठावं लागे. आता तो हुबळी-धारवाडच्या बसमध्येही ऐकता येतो.

माझं म्हणणं समजावण्याच्या भाषेबद्दल आहे. या धड्यांतलं बहुतेक स्पष्टीकरण इंग्रजीतून येतं. एनएचकेचे धडे हिंदी, बंगाली, उर्दूतूनही आहेत, मराठी-कन्नडमधून नाहीत. मुलांना इंग्रजी येतंच, मग अडचण काय, असं कुणी विचारेल. पण ज्याची शाळा मराठी किंवा कन्नड माध्यमाची, त्याला एका वेळी दोन परक्या भाषांशी झगडावं लागतं. आणि इंग्रजी उत्तम असलेल्या मुलीलाही हे स्पष्टीकरण तिच्या घरच्या भाषांपासून दूर नेतं. जपानीत क्रियापद शेवटी येतं, हे इंग्रजी धडा मोठं नवल म्हणून सांगतो. घरी मराठी आणि गल्लीत कन्नड बोलणाऱ्या मुलीला त्यात नवल कसलं?

‘काल घेतलेलं पुस्तक’ हे जपानीत ‘किनो कात्ता होन’, कन्नडमध्ये ‘निन्ने कोंड पुस्तक’. तीन भाषा, तीन-तीन शब्द, आणि क्रमही तोच. ‘ताबेते मिरु’ म्हणजे खाऊन बघणं. कन्नडमध्ये ‘तिंदु नोडु’ म्हणजे खाऊन बघ. ‘बघणं’ इथे प्रयत्नाच्या अर्थाने कसं येतं हे इंग्रजी पुस्तकाला सविस्तर समजावावं लागतं. आपल्याकडे ते लहान मूलही जाणतं. त्याहून मला विलक्षण वाटतो तो धारवाडी कन्नडमधला ‘री’. ‘हौद्री’ (होय), ‘बर्तेन्री’ (येतो) म्हणताना हा आदर समोर ऐकणाऱ्याला असतो, वाक्याचा कर्ता कुणीही असो. जपानी क्रियापदाला लागणारं ‘मास’ नेमकं हेच काम करतं. मराठीत ‘मी येतो’ हे आजोबांनाही आणि मित्रालाही सारखंच, म्हणून इथे कन्नड जास्त उपयोगी. दोन्ही भाषा येणाऱ्याने जिथे जी कामी येईल तिथे ती वापरावी.

लिपीचंही तेच. जपानी वर्णांचा तक्ता अ, इ, उ, ए, ओ असा चालतो आणि पुढे क, स, त, न, ह, म, य, र, व. बौद्ध भिक्षूंबरोबर जपानला गेलेल्या भारतीय सिद्धम् लिपीच्या अभ्यासातून हा क्रम घडला. बालवाडीत पाठ केलेली वर्णमालाच थोडी आटोपून समोर येते. इंग्रजीतून शिकणाऱ्याला हा क्रम निव्वळ घोकावा लागतो.

मराठी सगळीकडेच सोबत करत नाही. मराठीचं क्रियापद लिंग-वचनाप्रमाणे बदलतं, जपानीचं तसं मुळीच बदलत नाही; तिथे मराठी सवय सोडावी लागते. उलट जर्मनमध्ये तीन लिंगं आहेत, आणि तो चमचा, ती सुरी, ते ताट असं बोलत वाढलेल्याला त्यांचा धाक वाटू नये. कुठल्या शब्दाचं लिंग कोणतं हे पाठच करावं लागेल, पण निर्जीव वस्तूला लिंग असतं हे नव्याने पटवून घ्यावं लागत नाही.

मराठी आणि कन्नड एकमेकींच्या किती जवळ येऊ शकतात याचा पुरावा सांगलीजवळच्या कुपवाडचा आहे. तिथल्या मराठी, कन्नड आणि उर्दूवर भाषाअभ्यासक जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी 1971 साली निबंध प्रसिद्ध केला. पिढ्यान्पिढ्या शेजारी नांदून या भाषांची वाक्यरचना इतकी जुळली होती की शब्दाजागी शब्द ठेवत एकीतून दुसरीत जाता येई. धारवाडला हे समजावून सांगावं लागत नाही. कवी बेंद्रे यांच्या घरी मराठी होती आणि कविता कन्नड, जी. ए. कुलकर्णी इथे इंग्रजी शिकवत आणि मराठीत लिहीत. ज्या शहरात असं घडलं, तिथल्या मुलांना परकी भाषा इंग्रजीच्याच आधाराने शिकावी लागते, हे मला खटकतं.

बाझेल मिशनचे फर्डिनंड किटेल 1853 साली जर्मनीतून कर्नाटकात आले आणि 1894 साली त्यांचा सुमारे 70,000 शब्दांचा कन्नड-इंग्रजी कोश निघाला. परक्यांसाठी कन्नडचा रस्ता एका परक्यानेच बांधला. आपल्या मुलांसाठी जपानी-जर्मनचा रस्ता बांधण्याचं काम मात्र अजून नीट हाती घेतलेलं नाही. हुबळी-धारवाडात जपानीची परीक्षा दिलेले पाच-सहाजण आणि मराठी किंवा कन्नडचा एक शिक्षक असे रविवारी एकत्र बसले तरी सुरुवात होईल. ऐकण्याचं साहित्य नेटवर तयार आहे, ते तसंच घ्यावं. स्पष्टीकरण आपण लिहावं: एका रकान्यात जपानी वाक्य, शेजारी मराठी, त्याशेजारी धारवाडी कन्नड, आणि जिथे तिन्ही जुळत नाहीत तिथे एक टीप. पहिला धडा ‘खाऊन बघ’चा, दुसरा ‘री’चा. ते नेटवर सर्वांसाठी ठेवले की बेळगाव, निपाणी, सांगलीची मुलंही ते उघडून वाचतील.