उसना श्वास

दिवाळीच्या दिवसांत आमच्या इंदिरानगरात वाटीभर बेसन, चिमूटभर वेलदोड्याची पूड अशी उसनवारी चालूच असते. उसने सारे मिळेल, श्वास मात्र मिळणार नाही, अशी आपली जुनी समजूत. ती आता खरी राहिलेली नाही. रुग्णाचे काळसर रक्त नळीने बाहेर घ्यायचे, त्यात प्राणवायू मिसळायचा, कर्बवायू काढायचा आणि ते परत शरीरात सोडायचे, असे एक्मो नावाचे यंत्र आज मोठ्या रुग्णालयांत असते.

त्याचे मर्म एका पडद्यात आहे. १९४४ साली कोल्फ या डच डॉक्टरांना दिसले, की कृत्रिम मूत्रपिंडाच्या सेलोफेनमधून जाताना रक्त लाल होते. पुढे सिलिकोन रबर आले. आज पॉलिमिथाइलपेंटीनचे केसासारखे बारीक पोकळ तंतू वापरतात. आतून वायू, बाहेरून रक्त. वायू जावा, पण रक्तातला द्रव झिरपू नये, असा हा पडदा. मात्र रक्ताला परका अजून ओळखू येतो आणि ते गोठू पाहते. म्हणून हेपॅरिन द्यायचे, आणि मग रक्तस्रावाचे भय बाळगायचे!

तेव्हा हा श्वास उसनाच, फुप्फुस सावरेपर्यंतचा. पण ते सावरलेच नाही तर? यंत्र बंद करणारा मारतो, की मरू देतो?

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला शाळामास्तर. वैद्यक मला कळत नाही. पण उसनवारी कळते. एरवी उसने घेणारा बांधला जातो. येथे देणारा बांधला जातो, असे मला वाटते. २१ एप्रिल २०२१ रोजी आपल्या नाशकात झाकिर हुसेन रुग्णालयातील प्राणवायूच्या टाकीला गळती लागली, पुरवठा तुटला आणि २२ रुग्ण दगावले. तेथे एक्मो नव्हे, साधा प्राणवायूच उसना होता. पण ज्याला एकदा श्वास दिला, त्याच्या टाकीवर, नळीवर, झडपेवर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवणे हे आपले ऋण होते.

याचा अर्थ यंत्र अखंड चालवावे असा नव्हे. फुप्फुस मेले असेल, बदलण्याची आशाही नसेल, तर थांबणे ही हत्या नव्हे. पण ती शक्यता यंत्र लावतानाच घरच्यांना सांगितली पाहिजे, आणि रुग्ण शुद्धीवर असेल तर आधी त्याला. शेवटच्या दिवशी सांगितलेले सत्य फसवणुकीसारखेच बोचते.