अवधूताच्या यादीत पाल नाही

भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो. त्यांत पृथ्वी आहे, अजगर आहे, कोळी आहे, मधमाशी आहे, पाल नाही. आपल्याकडे तिच्या वाट्याला शकुन आले: ती चुकचुकली की बोलणं अडतं, अंगावर पडली की पंचांगात पल्लीपतनाचं फळ पाहिलं जातं. जिला आपण भविष्य विचारत आलो, तिच्या पायांकडे नीट पाहिलं नाही. २००० साली केलर ऑटम आणि सहकाऱ्यांनी टोके जातीच्या पालीच्या पायाचा एकच केस घेऊन त्याची पकड मोजली. अशा एकेका पायावर सुमारे पाच लाख केस असतात आणि प्रत्येकाला शेकडो अतिसूक्ष्म फाटे. तिथे डिंक नाही, चोषणही नाही. हे फाटे पृष्ठभागाला इतके भिडतात की रेणूंमधलं एरवी नगण्य आकर्षण एकवटून तिचं वजन पेलतं. ओढ खाली असेतोवर पकड, ओढ सरली की पाय मोकळा. याच तत्त्वावर केलेल्या सिलिकॉनच्या पट्ट्या वापरून २०१४ साली स्टॅनफर्डमध्ये माणूस काचेची उभी भिंत चढला.

मग अवधूताच्या अर्थाने पाल इथे गुरू ठरते का? माझ्या मते ठरते, आणि गुरू म्हटलं की ऋणही आलंच. यावर म्हणता येईल की अवधूत वैराग्य शिकला, अभियंते युक्ती शिकले. शिवाय पालीला कुठे ठाऊक आहे आपण काही शिकवलं ते? पण पृथ्वीनेही अवधूताला समोर बसवून क्षमा शिकवली नव्हती. त्या संवादात गुरुत्व शिकणाऱ्याच्या दृष्टीतून येतं. द्रोणांनी एकलव्याला एक बाणही शिकवला नाही, तरी त्याने ऋण मानलं. मागितलेली दक्षिणा अन्यायाची होती, हे खरंच. पण ऋण मानण्यातला एकलव्याचा मोठेपणा त्या अन्यायाने उणा होत नाही. वैराग्य आणि युक्ती यांतला फरक मात्र मला मान्य आहे. म्हणूनच युक्ती शिकणाऱ्यावर जबाबदारी अधिक: वैराग्य शिकलेला माणूस आपोआप कमी ओरबाडतो, युक्ती शिकलेल्याला ते ठरवून करावं लागतं.

जिवाकडून विद्या घेणं आणि जिवाचं शरीर घेणं, या दोन वाटा वेगळ्या आहेत. दुसरी वाट पालीच्या नातलगाच्या, घोरपडीच्या, वाट्याला आली. तानाजीच्या घोरपडीची कथा पोवाड्याने अमर केली. १६७० च्या कोंढाण्याच्या चढाईत ती होती याला समकालीन पुरावा नाही, तरी त्या कथेत घोरपड म्हणजे दोर बांधायचं साधन आहे. भंडारा जिल्ह्यातल्या कोका अभयारण्यासारख्या जंगलांत राहणारा हा प्राणी १९७२ च्या वन्यजीव कायद्याने पूर्ण संरक्षित आहे. तरीही नर घोरपडीचं वाळवलेलं जननेंद्रिय ‘हत्थाजोडी’ नावाने, दुर्मीळ मुळी म्हणून, तिजोरीत पुजायला विकलं जातं. याला श्रद्धा म्हणायला मी तयार नाही. तिजोरीत ठेवलेल्या त्या तुकड्यातून कोणी काही शिकत नाही.

कोणी म्हणेल, युक्ती हाती आली, आता पाल राहिली काय, गेली काय! पण ती पुरती हाती आलेलीच नाही. गुळगुळीत, स्वच्छ काचेवर चालणाऱ्या या पट्ट्या आंबागड किल्ल्याच्या तटासारख्या खडबडीत, धुळीने माखलेल्या दगडावर गिर्यारोहकाचा जीव सोपवावा अशा झालेल्या नाहीत. पालीचे पाय मात्र चालता चालताच धूळ झटकतात. अर्ध्या शिकवणीत गुरूला मारणारा शिष्य भागवताच्या कसोटीलाही उतरत नाही आणि प्रयोगशाळेच्याही. दक्षिणा द्यायचीच तर ती साधी आहे: कोक्याच्या रानात पाली-घोरपडींना आसरा देणारं वठलेलं पोकळ झाड तोडू नये, वारूळ फोडू नये आणि हत्थाजोडी कोणी पुढे केली तर वनखात्याला कळवावं.