पलटण गोठ्यात मावत नाही

एका इंग्रजी युद्धकादंबरीचा मराठी अनुवाद तपासण्याचं काम काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आलं होतं. त्यात एक वाक्य होतं : अंधार पडल्यावर पलटण गावात शिरली आणि ओढ्याकाठच्या एका गोठ्यात रात्रभर दबा धरून बसली. मला त्यात काही खटकलं नव्हतं. लष्करी तपशील बघून घ्यावेत म्हणून मी हस्तलिखित शेजारच्या निवृत्त सुभेदारांना वाचायला दिलं. त्यांनी त्या ओळीखाली पेन्सिलीनं रेघ ओढली आणि म्हणाले, "अहो, पलटण म्हंजे आठशे माणूस. गोठ्यात कसं मावंल?"

मूळ इंग्रजीत शब्द होता 'प्लाटून'. अनुवादकानं कानाला जवळचा मराठी शब्द उचलला. कुळ पाहिलं तर तो फार चुकला नव्हता. फ्रेंचमध्ये 'पलोताँ' म्हणजे लहानसा गोळा, आणि त्यावरून एकत्र चालणाऱ्या माणसांचा घोळका. इंग्रजी प्लाटून त्यातूनच आला. हिंदुस्थानात मात्र कंपनी सरकारनं अठराव्या शतकात देशी शिपायांच्या बटालियनी उभारल्या आणि 'पलटण' हे नाव त्यांना पडलं. क्लाइव्हनं 1757 साली बंगालमध्ये उभी केलेली 'लाल पलटण' प्रसिद्धच आहे. 1886 साली निघालेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशाचं मत असं की हा 'बटालियन'चा अपभ्रंश असावा आणि त्यात प्लाटूनची सरमिसळ झाली असावी. मला वाटतं, आवाज प्लाटूनचा राहिला आणि अर्थ बटालियनचा बसला. दक्षिणेत त्याचं 'पट्टाळम्' झालं, आणि मल्याळी माणूस तर अख्ख्या लष्करालाच पट्टाळम् म्हणतो.

पुढे आधुनिक लष्कराबरोबर तोच शब्द दुसऱ्यांदा आला, या वेळी 'प्लाटून' याच रूपात आणि तीसपस्तीस माणसांचा अर्थ घेऊन. तीन प्लाटूनची एक कंपनी, अशा चार रायफल कंपन्या आणि वर इतर विभाग मिळून एक बटालियन. म्हणजे आज एका पलटणीच्या पोटात डझनभर तरी प्लाटून असतात.

'हवालदार' या शब्दाचा प्रवास नेमका उलटा झाला. शिवकाळात किल्ल्यावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत हे मुख्य अधिकारी असत आणि गडाच्या किल्ल्या हवालदाराच्या हाती. सुभेदार तर सुभ्याचा कारभारी. इंग्रजांनी ही नावं आपल्या फौजेत घेतली, पण गोऱ्या अधिकाऱ्याच्या हाताखाली. गड सांभाळणारा हवालदार सार्जंटाच्या पायरीवर उतरला. परक्यांचा लहान शब्द आपल्याकडे मोठा झाला, आपला मोठा शब्द त्यांच्याकडे लहान झाला. कंपनी सरकारच्या काळात सत्ता कुठून कुठे गेली, हे या दोन शब्दांत मला जितकं स्पष्ट दिसतं तितकं तहांच्या कलमांतही दिसत नाही.

फौजेच्या तुकड्यांची नावं मराठीत पुढे कशी वागली, तेही पाहण्यासारखं आहे. फ्रेंच 'गार्द'वरून आलेला गारदी म्हणजे कवायती पायदळातला शिपाई. 14 जानेवारी 1761 रोजी पानिपतावर इब्राहिमखानाचे गारदी अखेरपर्यंत लढले. पण मराठी मनात गारदी राहिला तो 30 ऑगस्ट 1773 चा, शनिवारवाड्यात नारायणरावावर तलवार उपसणारा. पानिपताची निष्ठा त्या शब्दातून पुसलीच गेली, आणि हा अन्याय आहे असं मला आजही वाटतं. 'कंपू' हा महादजी शिंद्यांच्या पदरी द बॉयननं घडवलेल्या कवायती फौजेचा शब्द. ग्वाल्हेरात त्या नावाची वस्ती अजून आहे. मराठीत मात्र कंपू म्हणजे आपलं तेवढं पाहणारं टोळकं. सैन्यामागून चालणाऱ्या बाजारबुणग्यांची तर शिवीच झाली. त्यातल्या त्यात 'पथक' सुखरूप राहिलं आणि ढोलताशांपासून भरारी पथकापर्यंत पोचलं.

या सगळ्यांत माया फक्त पलटणीच्या वाट्याला आली. दिवाळीत नातवंडं जमली की आजी म्हणते, "आली बघा माझी पलटण." ज्या फौजेनं पेशवाई बुडवली तिच्या नावात हा ओलावा कुठून आला असेल?

माझ्या मते तो घरांतून आला. पलटणीत ठरल्या तारखेला पगार मिळे आणि नोकरी संपल्यावर पेन्शन. रत्नागिरी-साताऱ्याच्या खडकाळ जमिनीवर ज्या घरांचं पोट भरत नव्हतं, तिथे मनिऑर्डर म्हणजे पलटण. ज्यांना गावच्या शाळेचा उंबरा बंद होता, त्यांच्यासाठी पलटणीची शाळा हीच पहिली शाळा होती. रामजी सकपाळ लष्करात सुभेदार होते आणि लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. 1891 साली त्यांच्या मुलाचा, भीमरावांचा जन्म झाला तोही महूच्या छावणीत. त्याच दशकात लढाऊ जातींचा सिद्धान्त पुढे करून इंग्रजांनी महारांची भरती थांबवली. स्वतः फौजेतून निवृत्त झालेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज लिहिला. 1910 साली शिवराम जानबा कांबळे यांनी तीच मागणी थेट भारतमंत्र्यांपुढे मांडली. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा 1917 मध्ये 111 महार ही पलटण उभी राहिली आणि 1921 मध्ये ती मोडलीही. या माणसांसाठी पलटण हे शिकण्याचं आणि ताठ उभं राहण्याचं ठिकाण होतं. ते दोनदा हातून काढून घेतलं गेलं.

म्हणूनच नेमका शब्द वापरा असा माझा आग्रह आहे. 1 जानेवारी 1818 रोजी कोरेगावला 'महार रेजिमेंट' लढली, असं सर्रास लिहिलं जातं. तिथे लढली ती बॉम्बे नेटिव्ह इन्फन्ट्रीच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी बटालियन, म्हणजे एक पलटण. महार शिपाई तिच्यात मोठ्या संख्येनं होते, आणि तिथल्या स्मारकस्तंभावरची 'नाक' प्रत्ययाची नावं त्याची साक्ष देतात. महार रेजिमेंट उभी राहिली 1941 साली, बेळगावात. तिच्या पहिल्या बोधचिन्हावर कोरेगावचा स्तंभ होता. हा फरक सांगितल्यानं कुणाचं शौर्य उणं होत नाही. उलट 1818 आणि 1941 यांच्यामध्ये जी भरतीबंदी झाली, जे अर्ज झाले, जी पलटण उभी करून मोडली, तो सगळा इतिहास 'रेजिमेंट' हा एक सैल शब्द गिळून टाकतो.

पलटणीतली माणसं स्वतः नावाला किती जपतात, ते 'काली पाचवी'वरून कळतं. मुंबई इलाख्याची पाचवी पलटण 1903 मध्ये 105 मराठा लाइट इन्फन्ट्री झाली, 1922 च्या फेररचनेत तिचा क्रमांक पुन्हा बदलला, आणि आज ती मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी बटालियन आहे. पण जवानांच्या तोंडी ती काली पाचवीच आहे. पहिली बटालियन तशीच 'जंगी पलटण'. सरकारी आकडे येत जात राहिले, शिपायांनी घरचं नाव सोडलं नाही.

आमच्या वर्तमानपत्रांत मात्र आठशे जणांची बटालियन ही 'तुकडी', तीस जणांचं प्लाटून ही 'तुकडी' आणि दहा जणांचं सेक्शनही 'तुकडी'च. कुणी शुद्धतेसाठी 'वाहिनी' सुचवतात. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, सरनोबताचा सेनापती केला आणि तो शब्द रुजला, हे खरं आहे. पण त्यामागे राज्य होतं आणि तो शब्द रोज ज्यांच्या कामी येणार ती माणसं होती. पलटणीला आज असा पर्याय लागत नाही. अडीचशे वर्षं शिपायांच्या तोंडात घोळून तो शब्द मराठी झाला आहे, त्याचं स्त्रीलिंगसुद्धा आपणच त्याला दिलं.

मी त्या हस्तलिखितात गोठ्यापाशी 'प्लाटून' लिहिलं. मग सगळा मजकूर पहिल्यापासून पुन्हा वाचला आणि जिथे जिथे बटालियनची 'तुकडी' झाली होती तिथे तिथे 'पलटण' केलं. अशा जागा एकेचाळीस निघाल्या. शेवटच्या प्रकरणात जखमी नायक रुग्णालयातल्या परिचारिकेला एवढंच विचारतो की आपली बटालियन आता कुठे आहे. अनुवादात होतं, "माझी तुकडी कुठे आहे?" ते मी बदललं आणि सुभेदारांना दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. पेन्सिल त्यांनी उचलली नाही.