आवडीचा अधिकार

आवडीनिवडीच्या बाबतीत वाद घालू नये असे व्यवहारात सर्वजण म्हणतात. आणि घालतातही सर्वजणच. एकास कारले प्रिय, तर दुसऱ्यास ते ताटात दिसलेलेही खपत नाही. तेथे 'व्यक्ती तितक्या प्रकृती' एवढे म्हणून आपण मोकळे होतो. परंतु पदार्थ मादक असला की ही उदार वृत्ती एकाएकी लोपते. पिणारा म्हणतो, 'माझी आवड हा माझा प्रश्न'. न पिणारा म्हणतो, 'ही आवडच मुळी वाईट.' आमच्या मते ह्या दोन्ही विधानांत सत्य अर्धेच आहे, आणि ते कोणते हे पाहण्यास बिलोलीसारखा मुलूख फार सोयीचा आहे.

बिलोली हा नांदेड जिल्ह्याचा सरहद्दीवरील तालुका. मांजरा ओलांडली की तेलंगण लागते. ह्या पट्ट्यात मराठी आणि तेलुगु ह्या भाषा जशा एकमेकींत मिसळल्या, तशा चवीही मिसळल्या आहेत. शिंदीच्या झाडाच्या शेंड्यालगत खाच पाडून मडके बांधतात. रात्रभर थेंबथेंब गळलेला रस पहाटे गोड असतो. ऊन चढू लागले की तो आंबू लागतो, फसफसतो आणि अंगी मद्याचे गुण आणतो. पहाटेची ती नीरा, आणि दुपारची ती शिंदी. पलीकडे तिलाच कल्लू म्हणतात. कोणास ती कोवळी गोड रुचते, कोणास आंबट झाल्यावाचून गोडी वाटत नाही. बिअर ही तिचीच दूरची बहीण. तेथे मोड आणून सुकवलेले जव, हॉप नावाच्या वेलीची कडवट फुले, पाणी आणि किण्व. बव्हेरियाच्या राजसत्तेने १५१६ साली फर्मान काढून जव, हॉप व पाणी ह्यांखेरीज बिअरमध्ये काही घालू नये असे ठरवले. १८४२ साली बोहेमियातील पिल्सेन गावी फिक्या सोनेरी बिअरचा जन्म झाला, आणि जगातील बहुतेकांची रुची तिकडे वळली. आपल्या देशात मात्र सौम्य बिअरपेक्षा कडक बिअरचाच खप अधिक.

ह्या विविधतेत बरे कोणते आणि वाईट कोणते? जर्मन तत्त्वज्ञ कांट याने १७९० साली ह्याचे उत्तर दिले आहे. कॅनरी बेटांतील मद्य रुचकर आहे असे कोणी म्हणाला, तर त्याने 'मला' हा शब्द जोडावा, असा त्याचा आग्रह. जिभेचा निर्णय ज्याचा त्याच्यापुरता. परंतु त्यापूर्वी, १७५७ साली, ह्यूमने 'डॉन क्विक्झोट'मधील एक गोष्ट पुढे केली होती. दोन जाणत्यांनी एका पिंपातील मद्य चाखले. एकास त्यात चामड्याची चव लागली, दुसऱ्यास लोखंडाची. सर्वजण हसले, पण पिंप रिते केल्यावर तळाशी चामड्याची वादी बांधलेली किल्ली निघाली. म्हणजे रुची ही केवळ मनाची लहर नव्हे. तिला वस्तूचेही ज्ञान असते. तेलंगणात शिंदीताडीत क्लोरल हायड्रेटसारखी गुंगीची द्रव्ये मिसळल्याचे प्रकार वेळोवेळी उघडकीस आले आहेत. 'आज चव निराळी लागते' असे म्हणणारा मजूर आपली आवड सांगत नसतो. पिंपातील किल्लीच दाखवत असतो.

तथापि आमच्या सुशिक्षित वर्गाला अशा मजुराची जीभ प्रमाण वाटत नाही. त्याच्या हातातील शिंदीला व्यसन म्हणावयाचे, आणि मेजवानीतील थंड बाटलीला अभिरुची म्हणावयाचे, ही आमची रीत. दोहोंतील मद्यार्क पाहिला तर कडक बिअरने शिंदीपुढे मान खाली घालावयास हवी असे नाही. ती बहुधा वरचढच ठरेल. तेव्हा येथे आपण पेयाची नव्हे, पिणाराची पारख करीत असतो. रुचीच्या नावाखाली प्रतिष्ठेचा निवाडा करणे हा अन्याय होय, आणि तो आपल्याच हातून घडतो.

मग आवडीबद्दल नैतिक प्रश्न विचारूच नये काय? अवश्य विचारावा, परंतु तो जिभेला नव्हे, खर्चाला विचारावा. मजुरीचे पैसे गुत्त्यात गेले आणि घरची चूल थंड राहिली, तर दोष शिंदीच्या आंबटपणाचा नसून, ज्यांच्या वाट्याचे खर्चिले त्यांना न विचारल्याचा आहे. हाच न्याय मोठ्या प्रमाणावर लावून पाहावा. २०१६ सालच्या एप्रिलात, मांजरेचे धरण आटल्यामुळे, लातूर शहरास मिरजेहून आगगाडीने पाणी न्यावे लागले. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मराठवाड्यातील मद्यनिर्मितीच्या कारखान्यांच्या पाण्यात साठ टक्क्यांपर्यंत कपात फर्मावली. बिअरमध्ये दहांपैकी नऊ हिस्से पाणीच, आणि एक लिटर तयार करण्यास कित्येक लिटर लागते. न्यायालयाने कोणाच्या रुचीवर मत दिले नाही. तहानेचा क्रम रुचीच्या आधी आहे, एवढेच सांगितले.

ह्यावर बिअरचा कैवारी म्हणेल की कारखान्यांना लागणारे पाणी उसाच्या पाण्यापुढे काहीच नाही. हे खरे आहे, आणि म्हणूनच न पिणाऱ्यांनी फार खूष होऊ नये. चहात दोन चमचे साखर घालून जो निर्व्यसनीपणाचा अभिमान मिरवतो, त्याच्या गोडीतही ह्याच कोरड्या मुलखाचे पाणी मुरलेले असते. कडू आवडो वा गोड, प्रत्येक आवडीचे देणे कोणाच्या तरी हंड्यातून फिटते.

सारांश, कोणास काय आवडावे हे ठरविण्याचा अधिकार समाजास नाही. पण त्या आवडीचे मोल कोणी भरले हे विचारण्याचा अधिकार शेजाऱ्यासही आहे. ज्याला हा प्रश्न ऐकून राग येत नाही, त्याची रुची सुसंस्कृत. मग त्याच्या हाती पेला असो, मडके असो, की चहाची कपबशी.